हातचा

सलमाबादच्या गल्लीत ॲल्युमिनियमच्या दारंखिडक्यांचा कारखाना.
खाली करवत किंचाळते,
वर मी पगार करते. एकशे बेचाळीस माणसांचा.

बहारीनच्या दिनाराच्या पोटात हजार फिल्स,
टिंबानंतर तीन घरं भरावी लागतात.
पहिल्या वर्षी माझ्याकडून एक शून्य गळलं,
०५० चे झाले ५००,
आणि गेटवरचा अब्देल हफीज जिना चढून आला
साडेचारशे फिल्स परत द्यायला.
देवरुखच्या शाळेत बेर्डे बाई म्हणायच्या,
हातचा विसरलात की बेरीज पुढच्या घरात जाऊन चुकते.

मी विसरत नाही.
पद एकच, फॅब्रिकेशन सुपरवायझर. पासपोर्ट तीन.
पहिल्याला सातशे ऐंशी,
दुसऱ्याला चारशे दहा,
तिसऱ्याला दोनशे पंच्याण्णव.
(आकडे बदललेत. करारात गुप्ततेचं कलम आहे.
प्रमाण मात्र तेच ठेवलंय.)
मोजपट्टी तिघांचीही मिलिमीटरचीच.

मंडईत शेरी माशाचे दोन दिनार सांगणाऱ्याला
मी दीडवर आणते.
कल्ले उघडून बघते, नाक मुरडते,
पाठ फिरवून चार पावलं जाते.
पाचव्याला हाक येतेच.
स्वतःचा भाव सांगायचा म्हटलं
की तोच काटा घशात.

सात वर्षं गेली. मग एका मंगळवारी
लिफ्टच्या आरशात तीनदा "नव्वद" म्हणून
ताबेतसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले.
हेमांगी, ते म्हणाले, आपण बाजाराप्रमाणे देतो.
कुठला बाजार, साहेब?
तुमच्याकडचा. तिकडे एवढ्या पैशांत तर...
मी म्हटलं, इथलं दूध मला
देवरुखच्या भावाने मिळत नाही.

वीस, ते म्हणाले.

मी काही बोलले नाही.
पाठ फिरवायला ती मंडई नव्हती,
म्हणून बसल्या जागीच चार पावलं गेले.
एसी थांबला. खाली करवतीनेही दम घेतला.
ते स्टेपलर उघडत राहिले, मिटत राहिले,
आणि माझ्या लक्षात आलं,
यांचीही ओळ माझ्याकडेच आहे.
अनुक्रमांक तीन.
डंकनसाहेबांच्या खुर्चीत, डंकनसाहेबांच्या निम्म्यावर.
दोन वर्षांपूर्वी यांनी मागितलेली वाढ
नाकारल्याचा कागद मीच फाईलला लावला होता,
याच स्टेपलरने.

त्यांनी वर बघितलं.
तुला तर सगळं माहीतच आहे, म्हणाले.
हे मॅनेजरचं वाक्य नव्हतं.

मग पंचेचाळीस. पुढच्याच महिन्यापासून.
पदरात पडलं ते पवित्र, असं आई म्हणाली असती.
मी म्हटलं, उरलेले पंचेचाळीस कधी, ते लिहून द्या.
त्यांनी तारीख घातली, सही केली.
पाळतील का, माहीत नाही.
कागद माझ्या खणात आहे.

पंचवीस तारखेला स्वतःच्या ओळीत
वाढ टाइप केली, शेवटची तीन शून्यं सावकाश.
तेवढ्यात मोतालेब चहा घेऊन आला.
आला आणि गेला नाही.
पायाने दार लोटून घेतलं त्याने.
दीदी, अकरा वर्षं झाली.
किती मागू?

मी कुणाचं नाव घेतलं नाही. कलम मोडलं नाही.
टिश्यूवर फक्त एक आकडा लिहिला.
त्याने तो दोनदा वाचला, ओठ हलवत.
एवढा?
एवढा. आणि एकदा सांगून झालं की गप्प राहा.
पाच म्हणतील, हसतील, फोन उचलतील.
तू गप्प.

चहात साखर घालायचं राहूनच गेलं.
तो जिना उतरला,
ट्रे एका हातात,
दुसरा हात मिटलेला.